कामावर अपघात झाला तर: दवाखान्याच्या खाटेपासून भरपाई खात्यात येईपर्यंत

मिरजेच्या एका दवाखान्यातली गोष्ट. पलूसकडचा पंचवीस वर्षांचा पोरगा, पॉवर प्रेसवर कामाला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलेलं. ऑपरेशनला अजून एक दिवसही झाला नव्हता. ठेकेदाराचा माणूस खाटेला खेटून बसला होता, मांडीवर स्टॅम्प पेपर आणि हातात शाईचं पॅड. उजवा हात पट्टीत, म्हणून त्यानं पोराचा डावा अंगठा धरून पॅडवर टेकवला होता. "दवाखान्याचं बिल आम्ही भरतो, वर वीस हजार देतो, तेवढा अंगठा होऊन जाऊ दे मावशी," असं तो पायथ्याशी उभ्या असलेल्या आईला सांगत होता. मी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला भेटायला गेलो होतो. कागद वाचायला मागितला. 'अपघात माझ्याच निष्काळजीपणाने झाला, मला संपूर्ण भरपाई मिळाली, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' असं त्यावर टाइप केलेलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. अंगठ्याला शाई लागली होती, कागदाला अजून लागायची होती.

त्या दोन बोटांची कायद्यानं होणारी भरपाई ३,९०,४३८ रुपये होती. औषधपाण्याचा खर्च आणि व्याज त्याच्यावर वेगळं. हा आकडा कसा निघतो ते खाली मांडलं आहे.

कुपवाड, मिरज, पलूस, विट्याच्या यंत्रमागांपासून तिकडं कराड, तासवडे, शिरवळपर्यंत कामगारांचे कागद बघताना एक गोष्ट मला फार वेळा दिसली. माणसं हक्क नसल्यामुळं हरत नाहीत, पहिल्या आठवड्यात केलेल्या सहीमुळं हरतात. म्हणून हा लेख पहिल्या तासापासून सुरू करतो.

चूक कुणाची, हा प्रश्न आधी डोक्यातून काढा

"माझंच लक्ष नव्हतं हो, कुठल्या तोंडानं मागू?" असं विचारणारे खूप भेटतात. कर्मचारी भरपाई कायदा १९२३ चा आहे आणि त्याचा पायाच असा, की अपघात कामामुळं आणि काम चालू असताना झाला तर मालक भरपाई देणं लागतो. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. तुमचं लक्ष चुकलं, घाई झाली, हात घसरला, यानं हक्क बुडत नाही.

मालकाला सुटायला वाट आहे, पण ती अरुंद आहे. कामगार दारू किंवा नशेच्या अंमलाखाली होता, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला, किंवा मशीनचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेलं कव्हर, मुद्दाम काढलं, असं मालकानं दाखवलं तर भरपाई नाकारता येते. आणि मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर तीही वाट बंद होते. गार्ड मालकानंच उत्पादन वाढवायला काढून ठेवलं असेल, तर 'तू गार्ड काढलंस' हे तो म्हणू शकत नाही. म्हणून मशीनचा फोटो महत्त्वाचा ठरतो. त्याबद्दल पुढं सांगतोच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिनं हा जुना कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपला इएसआय, दोन्ही पोटात घेतले. त्या तारखेआधी झालेल्या अपघातांचे दावे जुन्या कायद्यानं चालतात. भरपाईचा गाभा दोन्हींत तोच आहे. त्यामुळं 'कायदाच रद्द झाला, आता काही मिळत नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

पहिले दोन दिवस

आधी उपचार, यात वाद नाही. पण दवाखान्यात दाखल करताना डॉक्टर 'कसं लागलं?' विचारतात, तेव्हा दिलेलं उत्तर केसपेपरवर चढतं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतं. मालकाचा माणूस सोबत असतो आणि हळूच सांगतो, 'घरी पडला म्हणून सांगा, पोलिसांची भानगड नको.' हे कधीही करू नका. अमुक कारखान्यात, अमुक मशीनवर, इतक्या वाजता, काम करताना लागलं, एवढं साधं वाक्य लिहून घ्या. घरातलं कुणी शुद्धीवर असलेलं माणूस त्या वेळी तिथं पाहिजे. सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय असो, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय असो की खासगी दवाखाना, अशा केसची 'एमएलसी', म्हणजे मेडिको-लीगल केस, अशी नोंद होते आणि पोलिस चौकीला खबर जाते. ती होऊ द्या. भरपाईसाठी एफआयआर लागतोच असं नाही, पण जबाब आणि जागेचा पंचनामा असला की अपघात झालाच नाही असं पुढं कुणाला म्हणता येत नाही.

दुसरं काम सोबतच्या कामगारांचं. मशीनचे, जागेचे फोटो मोबाइलवर त्याच दिवशी काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी गार्ड बसलेलं असतं, फरशी धुतलेली असते. त्या पाळीला कोण कोण होतं त्यांची नावं वहीत लिहा. हजेरी कार्ड, गेटपास, पगाराची स्लिप, बँकेत पगार जमा झाल्याचा मेसेज, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज, यातलं जे हाती लागेल ते जपा. यंत्रमागावर आणि छोट्या वर्कशॉपवर पगार रोखीत मिळतो, कागद कशाचाच नसतो. तिथं सुपरवायझरचा 'उद्या फर्स्ट शिफ्टला ये' एवढा मेसेजसुद्धा तुम्ही कामावर होता हे सांगायला उपयोगी पडतो.

तिसरं, मालकाला लेखी कळवणं. साधा अर्ज चालतो: कधी, कुठं, कसं लागलं, कुठं उपचार चालू आहेत. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती केसपेपरला टाचून ठेवा. अपघात कारखान्याच्या आवारातच झाला असेल किंवा मालकाला तो माहीत असेल, तर नोटीस दिली नाही म्हणून दावा बाद होत नाही, पण कागद असलेला बरा. कारखान्यात अपघात होऊन माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर मालकानं फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या कार्यालयाला, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, कळवायचं असतं. कळवलं नसेल तर तुम्ही अर्ज द्या. इन्स्पेक्टरचा तपासणी अहवाल पुढं दाव्यात मागवता येतो.

आणि सही. कोऱ्या कागदावर, स्टॅम्पवर, व्हाउचरवर, न वाचता सही किंवा अंगठा देऊ नका. सही झालीच असेल तरी हातपाय गाळू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दबातल आहे. तडजोड करायचीच तर तिची नोंद भरपाईचे दावे ऐकणाऱ्या भरपाई आयुक्तांकडं व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त ती नोंद नाकारतात. नोंद न केलेल्या तडजोडीवर मालक सुटत नाही, पूर्ण रक्कम त्याच्याकडून वसूल होऊ शकते.

तुमचा दरवाजा कोणता?

इथं गफलत झाली तर वर्ष वाया जातं. पगाराची स्लिप हातात घ्या आणि इएसआयची कपात बघा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर इएसआय लागू होतो. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. इएसआय लागू असलेल्याला १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडून भरपाई मागता येत नाही. त्याचा दरवाजा इएसआयचाच.

तो दरवाजा वाईट नाही, उलट बऱ्याच वेळा चांगला आहे. काम करता येत नाही तितके दिवस सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते. कामावरच्या इजेला किती महिने वर्गणी भरली ही अट नाही, पहिल्याच दिवशी लागलं तरी हक्क आहे. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम सुरू होते. मृत्यू झाला तर पत्नीला, मुलांना दरमहा आश्रितजन लाभ मिळतो. मालकानं अपघात अहवाल ऑनलाइन भरणं हा यातला कळीचा टप्पा. तो भरला का, हे इएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन स्वतः विचारा, कारखान्यातल्या एचआरवाल्याच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. मालकानं तुमचं नावच चढवलं नव्हतं किंवा वर्गणी थकवली होती, तरी इएसआय महामंडळ तुम्हाला लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकतं. मेडिकल बोर्डानं कमी टक्के दिले असं वाटलं तर अपील करा. बोटांच्या केसमध्ये पकड किती गेली हे बोर्डापुढं करून दाखवायचं असतं: नट आवळून दाखवा, बादली उचलून दाखवा. नुसता हात पुढं करून गप्प बसू नका.

इएसआय नसेल तर दरवाजा भरपाई आयुक्तांचा. सांगली आणि सातारा दोन्हीकडं कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच हे काम बघत आले आहेत. नव्या संहितेत त्यांना 'सक्षम प्राधिकारी' म्हटलं आहे.

रोजंदारीवर आहे, दोनच दिवस झाले होते, नाव मस्टरवर नव्हतं, यानं फरक पडत नाही. नैमित्तिक कामगाराला वगळणारी तरतूद २००० सालीच गेली. शेतातल्या मजुरालासुद्धा ट्रॅक्टरवर, किंवा विजेवर वा इंजिनवर चालणाऱ्या यंत्रावर काम करताना लागलं तर हा कायदा लागतो. मळणी मशीनमध्ये हात गेलेल्या किती बायका 'शेतातलं आहे, कोण देणार' म्हणून घरी बसल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

फाउंड्रीत वर्षानुवर्षं वाळूची धूळ छातीत जाऊन सिलिकोसिस झाला, प्रचंड आवाजानं कान गेले, असे आजारही कायद्याच्या यादीत आहेत आणि ते अपघातासारखेच धरले जातात.

ठेकेदार गायब झाला तर

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: 'तो आमचा कामगार नाही, ठेकेदाराचा आहे.' कायद्याचं उत्तर असं, की आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेणारा मूळ मालक आपल्या आवारातल्या अपघाताच्या भरपाईला जबाबदार असतो. नंतर त्यानं ठेकेदाराकडून ती वसूल करावी, तो त्या दोघांचा प्रश्न. म्हणून दाव्यात ठेकेदार, मूळ कंपनी आणि विमा कंपनी अशा तिघांनाही सामनेवाले करा. बऱ्याच मालकांकडं 'डब्ल्यूसी पॉलिसी', म्हणजे कामगार भरपाईचा विमा, असते. तिचा नंबर मागा. छोटा वर्कशॉपवाला कधी कधी मनानं चांगला असतो, पण रकमेला घाबरून गप्प बसतो. पॉलिसी असेल तर विमा कंपनी भरेल हे त्याला समजावलं की तोही तुमच्या बाजूनं साक्ष देतो, असं मी पाहिलं आहे.

रस्त्यावर, ट्रॅक्टरखाली, पाळीला जाताना

गाळप हंगामात कराड, वाळवा, पलूसच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांचे अपघात होतात. वाहनाचा संबंध असेल तर दोन वाटा आहेत: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण किंवा कर्मचारी भरपाई. दोन्हीकडं एकाच वेळी जाता येत नाही, एकच निवडायची. माझा सल्ला असा. दुसऱ्या वाहनाच्या चुकीनं अपघात झाला असेल तर न्यायाधिकरणात जा, तिथं पगारावर कमाल मर्यादा नाही, रक्कम मोठी निघते. पण तुम्हीच ड्रायव्हर होता आणि ट्रॅक्टर तुमच्याच हातून उलटला, तर भरपाई आयुक्तांकडं या, कारण इथं चूक विचारली जात नाही. न्यायाधिकरणाची मुदत सहा महिन्यांची आहे, ती चुकवू नका.

बीडहून टोळीबरोबर आलेल्या ऊसतोड मजुराला अपघात झाला तर दाव्यासाठी त्यानं सांगलीला हेलपाटे मारायची गरज नाही. अपघाताच्या ठिकाणी, किंवा कामगार वा त्याचे आश्रित जिथं राहतात तिथल्या आयुक्तांकडंही अर्ज चालतो. हे मुकादम सांगत नाही, म्हणून इथं लिहितो.

घरून पाळीला जाताना वाटेत झालेला अपघात? पूर्वी यावर फार वाद चालायचे. धाराशिवकडचा साखर कारखान्याचा एक वॉचमन २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाला आयुक्तांनी भरपाई दिली, विमा कंपनी वर गेली, आणि शेवटी जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कुटुंबाच्या बाजूनं निकाल दिला. घर ते काम या प्रवासातला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थितीचा कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचाच धरायचा. नव्या संहितेत हे थेट लिहिलेलं आहे. तेव्हा पाळीचं वेळापत्रक आणि त्या दिवसाची हजेरी जपून ठेवा.

रक्कम कशी निघते

तीन आकडे लागतात: महिन्याचा पगार, वय, आणि इजेचे टक्के. हिशेबासाठी पगार कितीही असला तरी ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणं महिना १५,००० रुपयेच धरले जातात, कमी असेल तर खरा पगार. ही मर्यादा आजच्या महागाईत फार तोकडी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण हिशेब तिच्यावरच होतो.

वयाप्रमाणं एक गुणक कायद्याच्या परिशिष्टात दिला आहे. २५ वर्षांना २१६.९१, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९. वय वाढत जाईल तसा तो उतरतो.

मृत्यू असेल तर पगाराच्या ५० टक्के गुणिले गुणक. तीस वर्षांचा, १५,००० वर धरलेला कामगार: ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. चाळीस वर्षांचा, १२,००० पगाराचा: ६,००० गुणिले १८४.१७, म्हणजे ११,०५,०२०. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ५० ऐवजी ६० टक्के.

अर्धवट अपंगत्वात आधी पूर्ण अपंगत्वाची रक्कम काढायची आणि तिचे टक्के घ्यायचे. टक्के परिशिष्टात ठरलेले आहेत: अंगठा गेला तर ३०, एका हाताची दोन बोटं २०, तीन बोटं ३०, चार बोटं ५०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, दुसरा डोळा धड असताना एक डोळा गेला तर ४०. पलूसच्या पोराचं गणित असं: १५,००० चे ६० टक्के ९,०००. गुणिले २१६.९१ म्हणजे १९,५२,१९०. त्याचे २० टक्के ३,९०,४३८.

पण हे टक्के म्हणजे शेवटचा शब्द नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्येच एका सुताराच्या केसमध्ये हे सांगितलं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद पूर्ण, शंभर टक्के गेली, असं न्यायालयानं धरलं. तुमचा धंदा काय आणि तो आता करता येतो का, हे महत्त्वाचं. ड्रायव्हरचा पाय, वेल्डरचा डोळा, विणकराची बोटं यांचं मोल त्यांच्या धंद्यात मोजायला सांगा.

इथंच एक चूक होते. सिव्हिलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणलं आणि दाव्याला जोडलं, की झालं असं लोकांना वाटतं. ते प्रमाणपत्र शरीराचं अपंगत्व सांगतं. दाव्यात लागतं ते 'कमाईची क्षमता किती टक्के घटली' याचं डॉक्टरांचं मत. ते वेगळं लिहून घ्या, आणि ते डॉक्टर न्यायालयात साक्षीला येतील का हे आधीच विचारा. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत पहिला घाव तिथंच घालतो.

तात्पुरतं बसावं लागलं तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे १५,००० वर ३,७५० रुपये. शिवाय औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं द्यायचा असतो, म्हणून मेडिकलची प्रत्येक पावती ठेवा. थर्मल कागदावरची शाई उडून जाते, झेरॉक्स काढून ठेवा.

मालकानं एका महिन्यात रक्कम भरली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. चार वर्षं रेंगाळलं तर त्या पोराच्या रकमेवर व्याजच १,८७,४१० रुपये होतं.

दावा दाखल करताना

मुदत अपघातापासून, आणि मृत्यू असेल तर मृत्यूपासून, दोन वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तर आयुक्त माफ करू शकतात, पण त्या आशेवर राहू नका. 'साहेब म्हणाले बरा हो, मग बघू' या एका वाक्यावर दोन वर्षं निघून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

अर्जासोबत आधार, वयाचा दाखला, केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं मत, पगाराचा पुरावा, मालकाला दिलेली नोटीस, पंचनामा असेल तर त्याची प्रत. मृत्यूच्या केसमध्ये पोस्टमॉर्टेम अहवाल, मृत्यूचा दाखला आणि आश्रितांची यादी. वकील लावता येतो, तसंच तुम्ही लेखी अधिकार दिलात तर कामगार संघटनेचा पदाधिकारीही तुमच्या वतीनं उभा राहू शकतो. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. टोल फ्री नंबर १५१००.

मधल्या काळात मालकानं स्वतःच्या खर्चानं त्याच्या डॉक्टरकडं तपासायला बोलावलं तर जा. नकार दिला तर तेवढ्या कारणावर हक्क थांबवता येतो. तपासणीत काय झालं ते घरी आल्यावर वहीत लिहून ठेवा.

मृत्यूच्या केसमध्ये एक गोष्ट ठळक ध्यानात ठेवा. मालकानं भरपाई थेट घरच्यांच्या हातात द्यायची नसते, आयुक्तांकडं जमा करायची असते. विधीच्या दिवशी दिलेली पाकिटं भरपाईत धरली जात नाहीत. फक्त आश्रितांना तीन महिन्यांच्या पगारापर्यंत दिलेली आगाऊ रक्कम वजा होऊ शकते. तेव्हा मदत म्हणून दिलेले पैसे घ्यायला हरकत नाही, सही मात्र 'मदत मिळाली' एवढ्यावरच.

भरपाईशिवाय आणखी काय

हे पटकन सांगतो, पण यातलं एकही सोडू नका. पीएफ कापला जात असेल तर नोकरीत असताना मृत्यू झाल्यास विमा योजनेतून वारसाला कमाल सात लाखांपर्यंत मिळतात, आणि कायमचा पूर्ण निकामी झालेल्याला एका महिन्याची वर्गणी असली तरी पेन्शन लागू होते. ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अट मृत्यू आणि अपंगत्वात लागत नाही. बांधकाम कामगार मंडळात जिवंत नोंदणी असेल तर कामावरच्या मृत्यूला वारसाला पाच लाख. नोंदणी करून नूतनीकरण विसरलेल्या घरात हे पैसे येत नाहीत, म्हणून आजच कार्डावरची तारीख बघा. एसटी, जिल्हा परिषद, नगरपालिका अशा सरकारी आस्थापनेत असाल आणि अपघातानं अपंगत्व आलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं नोकरीवरून काढता येत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. इएसआयवाल्यांनीही लक्षात ठेवा, तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही.

मालकाच्या घोर निष्काळजीपणानं मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेखाली गुन्हाही होतो. तो वेगळा चालतो. 'गुन्हा मागं घ्या, मग भरपाई देतो' असं कुणी म्हटलं, तर भरपाई ही त्याच्या मर्जीवर नाही हे त्याला सांगा.

निकालानंतर

आदेश झाला आणि मालकानं पैसे भरले नाहीत, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. आयुक्तांकडून वसुली दाखला घ्या आणि तो कलेक्टर कचेरीतून तहसीलला कुठल्या तारखेला गेला याचा पाठपुरावा करा, नाहीतर फाइल तिथंच झोपते. मालकाला किंवा विमा कंपनीला अपील करायचं तर उच्च न्यायालयात जावं लागतं, तेही फक्त कायद्याच्या मोठ्या मुद्द्यावर. आणि मालकाला आधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडं भरावी लागते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे. सांगली-साताऱ्याची अपिलं आता तिथं, मुंबईच्या खेपा वाचल्या.

विधवा आईच्या आणि अल्पवयीन मुलांच्या वाट्याचे पैसे आयुक्त बहुधा बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावतात. त्या पैशांवर सावकार, सोसायटी, कुणाचीही जप्ती येत नाही. मुलीच्या कॉलेजची फी, आजारपण, घराची दुरुस्ती अशा कारणासाठी मधेच रक्कम हवी असेल तर आयुक्तांकडं साधा अर्ज करता येतो. सोबत फीची पावती किंवा दवाखान्याचं अंदाजपत्रक जोडा, आणि ठेवीच्या मूळ पावतीची झेरॉक्स घरात दोन ठिकाणी ठेवा.